कॉलरच्या आतले नाव

मी एक जुना टॉवेल आहे. खरे सांगायचे तर टॉवेलचा पाव हिस्सा आहे, कारण मागच्या वर्षी जहाजाच्या धुलाईखान्यात कात्रीने माझे चार तुकडे केले गेले. एक तुकडा इंजिनाच्या खोलीत तेल पुसतो, एक स्वयंपाकघरात गेला आणि एकाचा तर पत्ताच नाही. मी डेकवरचे पितळी कठडे पुसतो. काम हलके आहे आणि वारा छान लागतो. तेव्हा मित्रांनो, माझी कीव करू नका. कीव करण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे, ती सांगतो.

माझा जन्म एका गिरणीत झाला. मी शुभ्र आणि इतका जाडजूड होतो की नव्या टॉवेलांच्या गठ्ठ्यात मला वर ठेवायचे. पुढे एका शिवणयंत्राने माझ्या काठावर निळ्या दोऱ्याने जहाजाचे नाव शिवले. मला वाटले, दागिना घातला! मी पहिल्या धुण्यापर्यंत त्या तोऱ्यात होतो. तिथे एका विरलेल्या चादरीने माझी चांगलीच हवा काढली. ती म्हणाली, "अरे, नाव कौतुकासाठी शिवत नाहीत. ज्याला घर असतं त्याच्या कपड्यावर नाव लागत नाही. पुष्कळांचं एकत्र धुतलं जातं, तिथे हरवू नये म्हणून नाव लागतं." तेव्हा मला राग आला होता. पण तिचे बोलणे मी विसरलो नाही.

आमचे जहाज सहलीचे होते. माणसे सामान घेऊन चढत, आठवडाभर समुद्रावर फिरत, खात, पोहत आणि जिथून निघाली तिथेच परत उतरत. त्यासाठी एवढा खटाटोप कशाला, हे मला कधी कळले नाही. पण चेहरे खुशीत असत, म्हणून मीही खुशीत असे.

आमच्या मजल्यावर एक केबिनवाला होता. खोल्या आवरणे, बिछाने घालणे, टॉवेल बदलणे ही त्याची कामे. पण त्याचा जीव खरा रमायचा तो आमचे प्राणी करण्यात. संध्याकाळी प्रवासी जेवायला गेले की तो मला वळवून, दुमडून, खोचून बिछान्यावर हत्ती करून बसवी. कधी ससा करी, कधी माकड करून हँगरला लटकवी. प्रवासी परत आले की हसत, माझ्या नाकावर आपला चष्मा ठेवून फोटो काढत. मग सकाळी त्याच हत्तीने पाय पुसत आणि ओल्या फरशीवर टाकून जात. टॉवेलला कोण विचारतो? घडी घातली की घडी व्हायचे, माकड केले की माकड. तोंडातून ब्र काढायची सोय नाही.

अशातच एका फेरीला एक लेक आपल्या वडिलांना घेऊन आली. लेक चाळिशीची असेल. ती एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पाळ्यांनी काम करत होती. वडील उंच, किडकिडीत आणि नीटनेटके. त्यांना गोल खिडकीतून समुद्र दाखवून झाल्यावर तिने एक लहान बॅग उघडली. दुसरी बॅग मात्र भलीमोठी होती. ती तिने पायाने ढकलत वडिलांच्या पलंगाखाली सारली. केबिनवाला म्हणाला, कपडे कपाटात लावून देतो. ती घाईघाईने नको म्हणाली. मला तेव्हाच काहीतरी खटकले होते.

पहिल्या संध्याकाळी मी हत्ती होऊन बसलो होतो. वडिलांनी मला पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "कुणी टाकलंय हे असं?" म्हणत त्यांनी माझी सोंड सोडवली, मला एक झटका दिला, काठाला काठ लावला आणि हातांनी दाबत अशी सरळ घडी घातली की मी स्वतःच थक्क झालो. मित्रांनो, इतक्या वर्षांत यंत्रानेही माझी तशी घडी घातली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती घडी पाहून केबिनवाल्याचे तोंड उतरले. त्याला वाटले, त्याचे काम आवडले नाही. तेव्हा लेकीने त्याला बाजूला घेऊन सांगितले की बाबांनी सगळे आयुष्य एका कापडाच्या दुकानात काढले. गिऱ्हाइकापुढे दिवसभर कापड पसरायचे आणि ते उठून गेले की पुन्हा जसेच्या तसे घडी करून ठेवायचे. दुकानात त्यांना घडीकाकाच म्हणत. आता त्यांना बरेच काही आठवत नाही. सकाळचे संध्याकाळी विसरतात. पण हातांना सगळे आठवते.

केबिनवाला इरेला पेटला. त्याने माकड केले, घडीकाकांनी घडी केली. त्याने दोन टॉवेल लावून मोर केला, तर काकांनी मोराच्या दोन घड्या करून एकावर एक ठेवल्या. ही जुगलबंदी रोज चाले आणि मधल्या मधे माझे हाल होत. पण खरे सांगू? मला ते आवडू लागले होते. एकदा केबिनवाला दारात उभा राहून पाहत होता. काकांनी मान वर न करता चादरीची दोन टोके त्याच्या हातात दिली. मग दोघांनी मिळून, एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे करत, चादरीची घडी घातली. त्यानंतर तोही त्यांना घडीकाकाच म्हणू लागला.

लेक मात्र सहलीला आलेली वाटतच नव्हती. सगळे पोहत, ती कठड्याशी उभी राही. वडिलांना जेवायला घालताना दोनदा "बाबा, एक बोलायचं होतं" म्हणाली आणि दोन्ही वेळा "भात आणखी हवा का" असे विचारून थांबली.

त्याचे कारण मला एका दुपारी कळले. डेकवर मी तिच्या खांद्यावर होतो आणि तिच्या कानाला फोन होता. पलीकडून तिची आत्या बोलत होती. काका झोपाळलेल्या डोळ्यांनी थोड्या दूरच्या खुर्चीत बसले होते. लेक दबक्या आवाजात सांगत होती की ती कामावर असताना बाबांनी दोनदा गॅस चालू ठेवला. एकदा घराबाहेर पडून ते जुन्या दुकानाच्या जागी गेले. तिथे आता दुसरेच दुकान आहे. त्या लोकांनी त्यांना बाहेर काढले, तर ते पायरीवर रडत बसले होते. तिला रजा मिळत नाही आणि सांभाळायला ठेवलेली बाई टिकत नाही. म्हणून तिने त्यांच्यासाठी वृद्धांच्या एका घरात खोली घेतली होती. जहाज लागले की बंदरावरून थेट तिथेच जायचे होते. त्याआधी त्यांना एकदा समुद्र दाखवावा, म्हणून ही सहल.

आत्याने एकच प्रश्न विचारला. "दादाला सांगितलंस का?"

"उद्या सांगते," लेक म्हणाली. तिचा तो उद्या रोज पुढे पुढे जात राहिला.

सहलीचा शेवटचा पूर्ण दिवस आला. आमच्या जहाजावर अशी रीत होती की उतरण्याच्या आदल्या संध्याकाळी मोठ्या बॅगा रंगीत पट्टी बांधून दाराबाहेर ठेवायच्या. खलाशी त्या रात्रीतून खाली नेतात. त्या पट्ट्या आणायला लेक रांगेत गेली आणि काका केबिनमध्ये एकटे राहिले. त्यांनी मला घडी घातली. चादरींना घातली, पडद्यालाही जमेल तशी घातली. आणखी काही दिसेना, तेव्हा ते वाकून पलंगाखाली पाहू लागले.

मित्रांनो, मी पलंगावरच होतो. नको, काका, नको, असे मला किती ओरडावेसे वाटले! पण टॉवेलला कसला आलाय आवाज?

त्यांनी ती मोठी बॅग बाहेर ओढली आणि उघडली. वर स्वेटर होते. बाहेर एवढे ऊन आणि बॅगेत स्वेटर! खाली त्यांचे उरलेले सगळे शर्ट होते, पायजमे होते, शाल होती. शालीत गुंडाळलेला त्यांच्या बायकोचा फोटो होता. त्यांनी एक शर्ट हातात घेतला. कापड जाणणारा माणूस शर्ट धरतो तसा दोन खांद्यांवर धरला, आणि त्यांचा अंगठा कॉलरच्या आत थांबला. तिथे एक पांढरी पट्टी शिवली होती. पट्टीवर त्यांचे नाव होते. त्यांनी दुसरा शर्ट पाहिला, तिसरा पाहिला. प्रत्येकात नाव होते.

त्या चादरीचे बोलणे मला आठवले. मला वाटले, आता यांनाही कळले.

काका पलंगाच्या कडेवर बसले. मग त्यांनी एकेक कपडा काढून पुन्हा नीट घडी घातली. फोटो होता तसाच शालीत ठेवला. बॅग बंद करून पलंगाखाली सरकवली. लेक आली तेव्हा ते खिडकीतून समुद्र पाहत होते. तिने विचारले, कंटाळलात का? ते म्हणाले, छे. आणि मी त्या दोघांच्या मध्ये नुसता पडून होतो. एकाला सांगायचे होते, दुसऱ्याला कळले होते, आणि दोन्ही ठाऊक असणारा मी एकटाच, तोही मुका.

संध्याकाळी ते जेवून परतले, तेव्हा बिछान्यावर हत्ती नव्हता. केबिनवाल्याने मला सरळ घडी घालून ठेवले होते, अगदी काकांसारखी. काकांनी माझ्यावरून हात फिरवला. सुधारण्याजोगे त्यांना काही सापडले नाही.

लेकीने मला उचलले, न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि माझ्यात तोंड खुपसून रडली. मी पाणी टिपायला शिकलो आहे. तेवढेच मला येते, तेवढे मी केले. बाहेर येऊन ती म्हणाली, "बाबा, उद्या आपण..."

काकांनी तिच्या हातातून मला घेतले. मी ओला होतो, तरी ते काठाला काठ लावू लागले.

"शर्टांवर नावं तू शिवलीस?" त्यांनी विचारले.

ती त्यांच्या पायाशी बसली.

"टाके लांब पडलेत, चिमे. धुण्यात उसवतील. मग माझा शर्ट दुसराच कुणीतरी घालून बसेल."

"मी सांगणार होते, बाबा. रोज सांगणार होते."

"सांगायचं नव्हतं. विचारायचं होतं." त्यांनी माझी घडी दाबली. "तुझी ओढाताण मला दिसत नाही का? मी हो म्हणालो असतो. पण विचारायचं होतंस गं."

ती त्यांच्या गुडघ्यावर डोके ठेवून हमसून हमसून रडली. काका तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. नंतर खणातून जहाजाची सुईदोऱ्याची लहानशी डबी निघाली. तिने सुईत दोरा ओवला आणि त्यांनी बारीक, सारखे टाके घालून एकेक नाव पक्के केले. बाहेर केबिनवाला बॅगेसाठी खोळंबला होता. त्याने एकदाच दार वाजवले, आत डोकावला आणि घाई नाही म्हणून निघून गेला. बॅग सगळ्यांत शेवटी गेली.

गोष्ट इथे संपली असती तर मी किती सुखी झालो असतो!

सकाळी जहाज बंदराला लागले. काका लवकर उठून तयार झाले होते. आदल्या दिवशी टाके घातलेल्यांपैकी एक शर्ट लेकीने बॅगेबाहेर ठेवला होता, तोच त्यांनी घातला होता. खिडकीतून बंदर दिसताच त्यांचा चेहरा उजळला. ते वळून म्हणाले, "चिमे, आपण आलो की. आता घरी ना?"

त्यांच्या डोळ्यांत कालचे काहीही उरले नव्हते.

लेक त्यांच्याजवळ गेली. तिने त्यांची कॉलर सारखी केली. तिचे बोट आतल्या पट्टीवर येऊन थांबले.

"हो बाबा," ती म्हणाली. "घरी."

तेवढ्यात केबिनवाल्याने मला उचलून धुण्याच्या पोत्यात टाकले आणि पोत्याचे तोंड आवळले. दार लागल्याचे मी ऐकले. बाहेर त्यांच्या चपलांचा आवाज लांब लांब गेला.

ती खरे बोलली होती का? आदल्या संध्याकाळने तिचे मन बदलले होते का? की पुन्हा सांगण्याचे बळच तिच्यात उरले नव्हते? मला आजही माहीत नाही. तिच्यावर रागावू नका, मित्रांनो. तिचे डोळे मी पुसले आहेत.

त्यानंतर मी आणखी पुष्कळ धुतला गेलो, विरलो, आणि एके दिवशी कात्रीखाली आलो. माझ्या वाट्याला काठावरच्या नावातली दोनच निळी अक्षरे आली. तेवढ्यावरून मी कोणाचा, हे कोणालाही सांगता येणार नाही. जहाज बंदराला लागते तेव्हा मी कठडा पुसता पुसता उतरणाऱ्या माणसांकडे पाहतो. कोणी उंच, किडकिडीत म्हातारे दिसले की त्यांच्या कॉलरकडे पाहतो. पण इतक्या लांबून आतले काय दिसणार?

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. अंग पुसून झाले की टॉवेल फरशीवर टाकू नका, वाळत घाला. तुमच्या घरात कोणी, तुम्ही घातलेली घडी मोडून पुन्हा घालत असेल, तर घालू द्या. आणि त्यांच्याविषयी काही ठरवायचे असेल, तर आधी त्यांनाच विचारा. ते विसरतील. मग पुन्हा विचारा.