नव्वद मीटर दोर

आमच्या बंदरातल्या क्रेनचा दोर तुटायला आला, तेव्हा सरकारने आम्हाला नवी क्रेन दिली. ऐकणाऱ्याला वाटेल, केवढं हे दातृत्व! मलाही आधी तसंच वाटलं होतं. मी बंदराच्या कचेरीत पत्रव्यवहार बघतो. सरकारच्या दातृत्वावर विश्वास ठेवायचाच मला पगार मिळतो.

क्रेन चालवायचे माझे भाऊजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बावीस वर्षं त्याच केबिनमध्ये बसून हा माणूस इतका कमी बोलायला लागला होता की ताई म्हणायची, "घरात दोन बोके पाळलेत, त्यातला एक म्यांव तरी करतो." एका मंगळवारी जहाजातून लाकडाचे ओंडके उतरवताना वरून टण्‌ असा आवाज आला. भाऊजींनी ओझं अलगद खाली टेकवलं, क्रेन बंद केली, खाली उतरले आणि त्या पोलादी दोरावरून एक फडकं फिरवलं. फडक्याच्या चिंध्या झाल्या. त्या चिंध्या घेऊन ते माझ्या टेबलापाशी आले.

"किती तारा तुटल्यात?" मी विचारलं.

"एकोणीस. दहा तुटल्या की दोर फेकून द्यायचा असतो."

"मग आता?"

"आता पत्र लिही. नव्वद मीटर दोर हवा. तोवर मी निम्मंच वजन उचलणार."

मी पत्र लिहिलं. आमच्या बंदर अधिकाऱ्यांनी त्यावर सही केली. साहेबांना सगळे 'होऊन जाईल' म्हणायचे, कारण पूर येवो की आग लागो, त्यांच्या तोंडून तेवढंच निघायचं. त्यांच्या स्वतःच्या अधिकारात कचेरीसाठी झाडू आणि शाई घेता यायची. दोरासाठी राज्याच्या वाहतूक निधी मंडळाकडे जावं लागायचं. बंदरं, रेल्वे, पूल, सगळ्यांचं पालनपोषण हेच मंडळ करायचं.

चार महिन्यांनी उत्तर आलं. दोर बदलणं ही दुरुस्ती. दुरुस्तीच्या निधीत यंदा खडखडाट आहे, मागच्या वर्षीही होता. मात्र विकासाचा निधी भरपूर असून मार्चच्या आत खर्च न झाल्यास परत जाईल. तरी बंदराने विकासाचा प्रस्ताव पाठवावा.

साहेबांचा चेहरा उजळला. "दोर बदलला तर दुरुस्ती. क्रेनच बदलली तर?"

"विकास," मी म्हणालो. मी हुशार आहेच.

संध्याकाळी ताईला हे सांगितलं. ती सदऱ्याला बटण लावत बसली होती. "म्हणजे बटण तुटलं की नवा सदरा शिवायचा?"

"बटणाला निधी नाही ना, ताई."

"अकलेला आहे का?"

प्रस्तावाचा अर्ज बासष्ट पानांचा होता. पुढच्या चाळीस वर्षांत बंदरात किती माल येईल, असा एक रकाना होता. मी चाळीसही वर्षांचे आकडे एका दुपारी भरले, जेवणापूर्वी. दुसऱ्या रकान्यात 'समुद्राची सद्यस्थिती' विचारली होती. खिडकीतून बघितलं आणि 'समाधानकारक' असं लिहिलं.

पाहणीसाठी मंडळाकडून एक इंजिनीयर बाई आल्या. डोक्यावर हेल्मेट, पायात चिखलाचे बूट, म्हणजे खरंच पाहणी करायला आल्या होत्या. आम्हाला त्याची सवय नव्हती. त्या थेट केबिनपर्यंत चढून गेल्या. भाऊजींनी बावीस वर्षांतलं सर्वात मोठं भाषण त्या दिवशी केलं. "बाई, मला क्रेन नको. ही क्रेन ठणठणीत आहे. मला दोर हवा. आणि तुमची नवी क्रेन हिच्या तिप्पट वजनाची. हा धक्का तिला पेलेल का, ते कोणी बघितलंय?"

बाईंनी खाली धक्क्याकडे बघितलं. खांबांनी शंख-शिंपल्यांना घरं करून दिली होती, आणि पार आतल्या सळ्या बाहेर डोकावून समुद्राची सद्यस्थिती बघत होत्या.

"खरं सांगू? दोराला माझ्या फॉर्मात रकानाच नाही," बाई म्हणाल्या. "आणि धक्का दुसऱ्या टप्प्यात आहे. पण तुम्ही म्हणालात ते मी लिहिते."

त्यांनी लिहिलं. ते कोणी वाचलं नाही, हा त्यांचा दोष नव्हे.

दीड वर्षाने क्रेन मंजूर झाली आणि एका सकाळी मालगाडीच्या अकरा वाघिणींतून सुट्या भागांत येऊन दाखल झाली. बंदरात येणारा रूळ एकच. त्याच्यावर या अकरा वाघिणी ओळीने उभ्या राहिल्या. साहेबांनी नवा कोट घातला होता. फीत कापली गेली, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. टाळ्या थांबल्यावर भाऊजींनी खिशातून हात न काढता विचारलं, "उतरवणार कोण?"

साहेबांनी करार मागवला. पुरवठादाराने क्रेन बंदरापर्यंत पोहोचवायची, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. त्याखाली, तितकंच स्वच्छ, लिहिलं होतं: उतरवणी बंदराने स्वतःच्या क्रेनने करावी.

सर्वात जड पेटी बावीस टनांची होती. आमच्या जुन्या क्रेनला पंचवीस टन सहज झेपायचे, पण धड दोर असताना. आता सव्वीस तारा तुटलेल्या होत्या. बाहेरून मोठी क्रेन भाड्याने आणावी, तर बंदराच्या रस्त्यावरच्या पुलावर जड वाहनांना बंदी. पुलाची दुरुस्ती व्हायची होती. दुरुस्ती म्हटल्यावर पुढचं आलंच.

"होऊन जाईल," साहेब म्हणाले. "एकदाच तर उचलायचंय."

"नाही," भाऊजी म्हणाले, आणि डबा घेऊन घरी गेले.

साहेबांनी मला आत बोलावलं. "तुझे भाऊजी आहेत. जरा समजाव. तुझ्या बढतीचा कागदही इथेच कुठेतरी आहे." त्यांनी टेबलावरच्या ढिगाकडे मायेने बघितलं.

मी गेलो. हे सांगताना मान खाली जाते, पण गेलो खरा. ताई चहा गाळत होती. मी इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणालो, "भाऊजी, एकदाच उचलायचंय म्हणे. अगदी हळूहळू..."

ताईने गाळणं खाली ठेवलं. "पेटी वर लटकत असताना खाली कोण असतं?"

"दोघं-तिघं असतात, पेटी वळवायला."

"त्यातला एक तू हो. मग मी यांना पाठवते."

मला एकाएकी कचेरीतलं काहीतरी काम आठवलं. चहा न घेताच निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला ताई कचेरीत हजर. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. सरळ साहेबांच्या खोलीत गेली आणि टेबलावर कोरा कागद ठेवला.

"या वहिनी, बसा ना! होऊन जाईल सगळं."

"होऊ द्या. मी सांगते तेवढं लिहा. 'दोराच्या सव्वीस तारा तुटल्या आहेत, हे मला माहीत आहे. तरीही वजन उचलावं, असा माझा हुकूम आहे.' खाली सही आणि शिक्का. अर्ध्या तासात हे केबिनमध्ये असतील."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मग लावलं. पुन्हा काढलं. "वहिनी, तोंडी नाही का चालणार?"

"तोंडी दोर वळता येत असेल तर चालेल."

साहेबांनी टोपण कायमचं लावलं. ताई कागद घडी करून, पर्समध्ये घालून निघून गेली.

वाघिणी जागच्या जागी राहिल्या. त्यांच्यामागे सिमेंटची गाडी अडकली, तिच्यामागे धान्याची, तिच्यामागे कोळशाची. रेल्वेचे यार्डमास्तर दिवसातून चार वेळा फोन करून माझ्या सात पिढ्यांची चौकशी करायचे. रूळ अडवल्याबद्दल सरकारी रेल्वेने सरकारी बंदराला दंड लावला. सरकारी बंदराने तो भरण्यासाठी सरकारी मंडळाकडे पैसे मागितले. दंड भरण्याची मात्र तरतूद होती, आणि ती कधी संपल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

सतराव्या दिवशी त्या इंजिनीयर बाईंचा फोन आला. "साहेब नकोत, पत्र लिहिणारे द्या," त्या म्हणाल्या. "नीट ऐका. 'नव्या क्रेनच्या उभारणीसाठी लागणारं पूरक साहित्य' असं लिहा. पूरक साहित्याला मंजुरी मी इथल्या इथे देऊ शकते. त्याखाली दोर घाला, नव्वद मीटर."

"आणि कारण काय लिहू?"

"उभारणी. दुरुस्ती हा शब्द चुकूनही नको. जुनी क्रेन हा तर मुळीच नको."

आयुष्यात इतकं जपून मी काही लिहिलेलं नाही. चार ओळींचं पत्र. पाच वेळा वाचलं. नवव्या दिवशी दोराचं रीळ बंदरात होतं. दोन वर्षं जो दोर दुरुस्ती म्हणून मिळाला नाही, तो विकास होऊन नऊ दिवसांत आला.

भाऊजींनी दोन फिटर हाताशी घेऊन एका दिवसात दोर चढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी रिकामा आकडा वरखाली केला, मग पाच टन, मग दहा, मग पंधरा. कोणी घाई केली नाही. साहेबांनीसुद्धा. बावीस टनांची ती पेटी वाघिणीवरून हलली, वीतभर वर आली आणि थांबली. भाऊजी ऐकत होते. मी खाली उभा होतो, पेटीच्या कडेला बांधलेला दोरखंड धरून. मला कोणी सांगितलं नव्हतं, उलट एका हमालाने विचारलं, "कारकूनसाहेब, तुम्ही कशाला?" मी म्हटलं, "पाहणी." पेटी वळली, आमच्यावरून अलगद सरकली आणि मोकळ्या मैदानावर अशी टेकली की खालचं गवतसुद्धा नीट वाकलं असेल. अंधार पडायच्या आत अकराही वाघिणी रिकाम्या झाल्या. निवृत्त व्हायच्या क्रेनने आपल्या जागी येणारीला हाताला धरून उतरवून घेतलं.

येणारी मात्र जागेवर आलीच नाही. जोडणी करायला आलेल्या माणसांनी धक्का मापला आणि हात जोडले. एवढं वजन ठेवलं तर क्रेन धक्क्यावर राहणार नाही आणि धक्का समुद्रावर राहणार नाही. धक्क्याच्या मजबुतीकरणाचा दुसरा टप्पा मंडळाच्या विचाराधीन आहे. क्रेन ताडपत्रीखाली आहे.

उद्घाटन वेळेवर झालं. पाहुण्यांनी ताडपत्रीसमोर फीत कापली, ही आमच्या क्रेनची दुसरी फीत. वर्तमानपत्रात फोटो आला: पुढे पाहुणे, मागे जुनी क्रेन सिमेंट उचलते आहे. खाली ओळ होती, 'नवी क्रेन पहिल्याच दिवसापासून कामाला'. त्याच आठवड्यात जुनी क्रेन कागदोपत्री मोडीत निघाली, कारण नवी आल्याशिवाय जुनी काढता येत नाही आणि जुनी काढल्याशिवाय नवीचा अहवाल पूर्ण होत नाही. आता भाऊजी रोज नसलेल्या क्रेनवर बसून असलेला माल उतरवतात, आणि मी दरमहा अहवालात तो सगळा नवीच्या नावावर घालतो. यंदा कार्यक्षमतेचं प्रशस्तिपत्र आलंय. साहेबांची बदली झाली, वर. माझ्या बढतीचा कागद त्या ढिगात नव्हताच.

वाघिणी रिकाम्या झाल्यानंतरच्या रविवारी मी ताईकडे गेलो. महिनाभर ती माझ्याशी बोललेली नव्हती. तिने दार उघडलं, बाजूला झाली, आत जाऊन ताट वाढलं. भाऊजी समोर बसून जेवत होते.

"यांनी सांगितलं, तू खाली उभा होतास," ताई म्हणाली.

"हो."

"पेटीखाली?"

"जवळपास."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणीच नाही."

तिने माझ्या ताटात आणखी भाजी वाढली. "पत्रं बरी लिहितोस तू," ती म्हणाली. "बाकीचंही जमेल हळूहळू. जेव आता, गार होतंय."

भाऊजींनी मीठ माझ्याकडे सरकवलं.