फक्त पावसाचे पाणी

बेलाचं पान... तीन दलांचं, हिरवंगार, लोखंडी जाळीच्या पट्टीला ओलं चिकटलेलं. आणि त्याखेरीज जाळीत काहीच नाही – चहाचा चोथा नाही, खरकटं नाही, गुटख्याची पुडी नाही, शुक्रवार पेठेतल्या या बोळात, नाही म्हणजे नाही! दानेश्वरी उकिडवी बसली, वाकून आत पाहू लागली. तळाचं सिमेंट दिसत होतं. आरोग्य निरीक्षक म्हणून इतकी गटारं पाहिली, तळ पाहून छातीत कधी धडधडलं नव्हतं. आज धडधडत होतं.

कारण कल्पना तिची होती. पावसाळी गटारात सांडपाणी सोडायचं नाही हा नियम जुनाच. पण कितीही पावत्या फाडा, पालथ्या घड्यावर पाणी – म्हणून उन्हाळ्यात तिने या बोळातल्या प्रत्येक जाळीशेजारी निळ्या रंगात लिहून घेतलं होतं : इथे फक्त पावसाचे पाणी. ऑफिसात सगळे हसले... 'मॅडम, आता गटारावर सुविचार!' साहेब तेवढे हसले नाहीत. एक बोळ स्वच्छ करून दाखवा, म्हणाले, मग सगळ्या पेठांचं बघू. आज ते पाहायला येणार होते, आणि बोळ स्वच्छ होता – अगं, खरंच स्वच्छ होता, दाने, जिंकलीस तू! फक्त हे पान. पान म्हणजे काही पाऊस नव्हे. उचलून पर्समध्ये टाकलं की झालं... तिने हात घातला, तर बोटांना दुधाचा चिकटपणा लागला, भस्माचा ओला कण नखात गेला.

"काडू नका, मॅडम. पूजेचं हाय ते."

समोरच्या दारात बसव्वा उभी होती. कपाळावर भस्माचे पट्टे, हातात रिकामा तांब्या.

"अव्वा, तुम्ही ओतलंत? इथं?"

"व्हय की. मग कुटं वतू? लिंगपूजेचं पाणी पायाखाली येऊ ने. पारिजातक हुता तवर त्याच्या बुडाला वतत हुते. रस्ता झाला, झाड गेलं. मग तुमीच हितं लिवलं की – फकस्त पावसाचं पाणी. म्हंजे देवाचंच की! समद्या बोळाला सांगितलं म्या, खरकटं टाकलं तर बगा. आता जाळीवर पाय बी कोण देत न्हाई."

म्हणजे माझ्या अक्षरांनी नाही... दानेश्वरीला एकदम हसू फुटलं, तेवढंच वाईटही वाटलं. मोडनिंबला आई अशीच तांब्या घेऊन, कुणाचा पाय पडणार नाही अशी जागा शोधत, ओल्या केसांनी परसभर हिंडायची – आणि मी लिहिला होता नियम, साधा, सरकारी, निळा. या बाईने त्याचं काय करून ठेवलं! आता हिला दूध ओतू नका म्हणायचं? मग हे नुसतं गटार उरेल, आणि संध्याकाळपर्यंत खरकटं परत येईल. ओतू द्यायचं? मग नियम कुठे राहिला, दूध नासेल, पानं तुंबतील, आणि पेठा... सगळ्या पेठा! तिला बसवेना, उभं राहवेना.

बोळाच्या तोंडाशी गाडी थांबली. साहेब उतरले, एकेक जाळी पाहत पुढे येऊ लागले. चेहरा खुलत चालला होता. बसव्वा मात्र आत गेली आणि भरलेला तांब्या घेऊन बाहेर आली. "सुनंची बी पूजा झाली," म्हणाली, आणि जाळीपाशी येऊन उभी राहिली, मॅडम बाजूला होतील म्हणून.

"कमाल आहे," साहेब म्हणाले, "कसं जमवलंत हे?"

दोघंही तिच्याकडे पाहत होते. तांब्यात दूधपाणी काठोकाठ हलत होतं. दानेश्वरीने तोंड उघडलं. काय बोलणार आहे ते तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. एवढंच कळत होतं की सकाळपासून जो बोळ माझा, माझा म्हणून ती नाचत होती तो तिचा कधी नव्हताच – आणि तरी, कसं कोण जाणे, आनंद तसूभरही कमी होत नव्हता...