ब्रेक ठरवेल

फानदादाला सायकल येते, पण मेट्रो स्टेशनापासून ऑफिसपर्यंत जेवढी यायला लागते तेवढीच. त्या सकाळी तो वूलिंग घाटाच्या माथ्यावर, सव्वातीन हजार मीटर उंचीवर, कंपनीच्या सगळ्यात नव्या सायकलीपाशी हातात उदबत्त्या धरून उभा होता आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते. थंडी होती हे खरं, पण नुसत्या थंडीने ओठ इतके पांढरे पडत नाहीत.

जाहिरातीच्या शूटिंगला सुरुवात करण्याआधी आमच्याकडे टेबल मांडतात. फळं, उदबत्त्या आणि मक्याच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडकी. यंत्रांनी शहाण्यासारखं वागावं म्हणून पुडकं हिरवंच लागतं, आणि मुदत संपलेलं चालत नाही. ताइचुंगला प्रयोगशाळेत माझ्या ब्रेक तपासायच्या यंत्रावरही एक ठेवलेलं आहे. मी भौतिकशास्त्र शिकले आहे आणि ते पुडकं वेळच्या वेळी बदलते.

जाहिरातीची ओळ फानदादाचीच: ‘तुम्ही फक्त दृश्य बघा, ब्रेक ठरवेल.’ ब्रेक खरोखरच ठरवतो. हँडलवरची ब्रेकची दांडी किती दाबली ते बघून मागच्या आणि पुढच्या चाकाला जोर वाटून देतो. मीटिंगमध्ये दिग्दर्शक म्हणाला की उतरणारा माणूस शर्यतीतला नको, साधा, पोट सुटलेला, आपल्यासारखा हवा. अध्यक्ष शू साहेब हसले आणि त्यांनी फानदादाकडे बोट केलं. अध्यक्ष हसून बोट करतात तेव्हा आमच्या कंपनीत कुणी नाही म्हणत नाही. फानदादाही हसला.

मी त्याला विचारलं, “थांबे लक्षात आहेत ना? पहिला कुठे घेणार?”

“कसले थांबे?”

मला वाटलं गंमत करतोय. त्याला तशी सवय आहे. सुट्टीच्या दिवशी डोंगर चढून जाणारे लोक म्हणजे ज्यांना घरी बायको विचारत नाही असे लोक, हे त्याचं सायकलीबद्दलचं मत सगळ्या ऑफिसला पाठ आहे. पण तो गंमत करत नव्हता.

“दादा, मी ग्रुपवर टाकलं होतं. तू ‘मिळालं’ म्हणून लिहिलंस. सशाचं चित्रसुद्धा पाठवलंस.”

“अगं पेइ-यू, मी सगळ्यालाच ‘मिळालं’ लिहितो. तुझं इतकं लांब असतं. वर सगळ्यांच्या मेहनतीचे आभार होते, ते वाचले.”

ते बरोबर होतं. ग्रुपमध्ये अध्यक्ष आहेत, त्यामुळे सुरुवात आभारांनीच करावी लागते. फोनवर निरोपाच्या वरच्या तीन-चार ओळीच दिसतात, बाकीचं उघडून वाचावं लागतं. ब्रेकचं त्याच्या खाली होतं. आमच्या चाचण्या सडपातळ स्वारांनी केल्या होत्या, जे वळणापुरता ब्रेक दाबतात आणि सोडून देतात. नवखा, वजनदार माणूस घाबरून ब्रेक धरूनच उतरतो. मग चाकांवरच्या ब्रेकच्या तबकड्या तापतात, ती उष्णता आतल्या तेलात जाते, तेल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि दांडी रिकामी खाली जाते. आणि आमचा ब्रेक हुशार असल्यामुळे दोन्ही चाकं सारखी तापतात. साध्या सायकलीला आधी मागचा ब्रेक ढिला पडतो, माणूस सावध होतो. आमच्या सायकलीला दोन्ही एकदम जातील. म्हणून तीन ठिकाणी थांबून सायकल गार करा, आणि तापल्याची सूचना देणारी शिट्टी बंद करू नका. एवढं लिहिलं होतं.

शिट्टी बंदच होती. दिग्दर्शकाला उतारावर फक्त वारा ऐकू यायला हवा होता.

मी मॅनेजर ल्याव बाईंकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की ग्रुपवर सगळ्यांनी मिळालं म्हटलं, कुणी हरकत घेतली नाही, म्हणजे तो विषय संपला. मी म्हटलं, तो निरोप हीच माझी हरकत होती. त्यावर त्या जरा गोंधळल्या, मग घड्याळाकडे बघून म्हणाल्या की खाली हॉटेलात अध्यक्ष परदेशी विक्रेत्यांना घेऊन बसले आहेत, दुपारी धुकं चढतं, थांबे आता बसणार नाहीत. तू मागच्या गाडीत बस, तापमान बघत राहा, काही वाटलं तर सांग.

काही वाटलं तर. मला तेव्हाच वाटत होतं.

फानदादाने हेल्मेट घातलं. कानात दिग्दर्शकाशी बोलायचं-ऐकायचं यंत्र बसवलं. मी त्याला घाईघाईने सांगितलं, दाबायचं तर जोरात दाब आणि पूर्ण सोडून दे, नुसतं धरून राहू नकोस. त्याने मान हलवली. त्याचे डोळे मात्र पहिल्या वळणावर होते, जिथे रस्ता संपतो आणि पुढे फक्त पांढरं आकाश दिसतं.

आमची गाडी लाय काका चालवत होते. शेजारी दिग्दर्शक, मागे मी, मांडीवर तापमानाचा पडदा. लाय काकांचं म्हणणं होतं की सायकलीला बॅटरी आणि माणसाला कानातून सूचना, मग माणसाचं डोकं कशाला ठेवलंय. दिग्दर्शक हसला. मी पडद्याकडे बघत होते. पहिल्या दोन वळणांतच आकडा शंभरच्या पुढे गेला होता आणि खाली येतच नव्हता. म्हणजे दादा ब्रेक सोडतच नव्हता.

बाहेरून बघायला सगळं सुंदर होतं. हळू, सरळ उतरणारा एक जाडसर माणूस, एका बाजूला बुटका बांबू, दुसऱ्या बाजूला दरी. दिग्दर्शक म्हणत होता, बघा किती निवांत. मला त्याचे खांदे दिसत होते. ते कानापर्यंत चढले होते. असे खांदे निवांत माणसाचे नसतात.

दोनशे. मी म्हटलं, थांबवा. दिग्दर्शक म्हणाला, हे एक वळण, उजेड बघ कसला आलाय. अडीचशे. दोन्ही चाकांचे आकडे हातात हात घालून चढत होते, पुढचं मागच्यापेक्षा जराही कमी नाही. हे मीच जुळवून दिलं होतं, कित्येक महिने खपून.

मी पुढे वाकून दिग्दर्शकाच्या हातातलं बोलायचं यंत्र ओढून घेतलं. “दादा, मी पेइ-यू. दांडी सोड. पूर्ण सोड, मग जोरात दाब.”

यंत्रातून नुसता वारा. मग त्याचा आवाज आला, बारीक, अनोळखी. “सोडू? सोडलं तर मी जाईन.”

“धरून राहिलास तर जाशील. सोड.”

“बोटं उघडत नाहीयेत गं.”

दिग्दर्शकाने कॅमेरा बंद केला की नाही ते मला माहीत नाही. पडद्यावर तीनशेच्या वर आकडा गेला, आणि दादाच्या वेगात फरक पडला. अगदी थोडा. बाहेरून कुणाला कळला नसता. उतार तोच होता, त्याची मूठ तशीच आवळलेली होती, आणि सायकल पळायला लागली होती.

“दांडी मऊ लागतेय,” तो म्हणाला. “पेइ-यू, दांडी हँडलला टेकतेय.”

उत्तर मला पाठ होतं, प्रयोगशाळेत शंभरदा काढलेलं, आणि त्या उत्तरात ब्रेक कुठेच नव्हता. त्याला थांबवायचं तर चढ हवा होता.

“काका, पुढे कुठे रस्ता वर जातो का?”

“ह्या वळणानंतर उजवीकडे. कोबीच्या शेताचा. सिमेंटचा आहे, खडा आहे.”

“दादा, वळणानंतर उजवीकडे सिमेंटचा रस्ता. दरीकडे बघू नकोस. फक्त त्या रस्त्याकडे बघ, जिकडे बघशील तिकडे सायकल जाईल. गुडघा बाहेर काढ. दिसला का?”

वळणाआड तो दिसेनासा झाला. ते क्षण मी कसे काढले हे मला सांगता येणार नाही. लाय काकांनी गाडी वळवली तेव्हा रस्ता रिकामा होता, कठड्यापाशीही कुणी नव्हतं, आणि मी पहिल्यांदा दरीकडेच बघितलं.

मग काका म्हणाले, “तो बघ, वर.”

सिमेंटच्या चढावर निम्म्यात सायकल कोबीच्या वाफ्यात आडवी झाली होती आणि दादा एक पाय तिच्याखाली अडकलेला तसाच बसला होता. मी धावत गेले. जळक्या तेलाचा वास येत होता. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. पण उजवी मूठ दांडीवर तशीच होती. मी एकेक बोट उघडलं. तो त्या बोटांकडे ती दुसऱ्याची असल्यासारखं बघत होता.

दिग्दर्शक मागून धापा टाकत आला. आधी विचारलं, ठीक आहे ना. मग आकाशाकडे बघितलं. मग म्हणाला की खरं तर इथपर्यंतचं छान आलंय, दहा मिनिटं गार होऊ दे, खालच्या टप्प्यापासून पुढे घेता येईल. दुसऱ्या गाडीतून ल्याव बाईही पोचल्या होत्या, त्यांचा फोन वाजत होता. अध्यक्ष विचारत होते, किती वेळ.

मला वाटलं दादा आता हसेल, किंवा रडेल. तो उठला. पँटवरची माती झटकली. हेल्मेटचा पट्टा पुन्हा घट्ट केला.

“जातो,” तो म्हणाला. “बरा आहे मी. सगळे थांबलेत.”

उतारावर ब्रेक गेला तेव्हा मला जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी आता वाटली. तो खोटं बोलत नव्हता. सायकल उभी करून तो खरंच निघाला होता, आणि दांडी अजून रिकामी खाली जात होती, मला दिसत होतं.

मी खिशातला पाना काढला. गुडघ्यावर बसून पुढच्या चाकाचा आस सैल केला. दिग्दर्शकाने विचारलं, काय करतेयस. मी चाक उपसून काढलं. तबकडी तापलेली होती, म्हणून जॅकेट काढून त्यात चाक गुंडाळलं आणि ते छातीशी धरून गाडीत जाऊन बसले. दार लावून घेतलं. ल्याव बाईंनी काचेवर टकटक केली, आधी हळू, मग जोरात.

मी दार उघडलं नाही. उद्या मला नोकरी असेल की नाही ह्याचा विचारही मनात आला, पण दुरून. जॅकेटमधून गरम लागत होतं. काचेबाहेर फानदादा उभा होता, एका चाकाच्या सायकलीला धरून. मग त्याने ती कोबीत आडवी ठेवली, अगदी अलगद, आणि तिच्या शेजारी खाली बसला.