शेवटची तीन निरीक्षणं

सहा पट्ट्या, ग्लुकोजच्या चार गोळ्या, दोन सुया आणि रक्तातली साखर मोजायचा तळहाताएवढा मीटर. पिवळ्या पाऊचमधलं सगळं तिनं प्रयोगशाळेतल्या टेबलावर मांडलं, मोजलं, परत भरलं. गेल्या महिन्यातही पाऊच ह्याच खणात होतं, आणि त्यात काहीच कमी नव्हतं... हे तिला आठवायचं, पण आठवून काही व्हायचं नाही. दात काढल्यावर बधिर हिरडीला बोट लावावं, तसं.

पाऊचखाली मोठ्या बाईंनी दिलेला कागद होता. नववीतल्या मधुमेही विद्यार्थिनीला प्रात्यक्षिकांतून कायमची सूट. खाली विज्ञानशिक्षिकेच्या, म्हणजे तिच्याच, सहीची जागा.

"तिच्या भल्याचंच आहे गं. आणि तुझ्याही. शाळा सुटायच्या आत आणून दे," मोठ्या बाई म्हणाल्या होत्या.

म्हणजे इतर मुली प्रयोग करतील तेव्हा ती मुलगी ऑफिसात बसेल, वही घेऊन. मुलीनं काल एवढंच विचारलं होतं, "बाई, मग मी नुसतं वाचायचं?"

बाईंनी थर्मामीटर वाटले. गरम पाणी, दर मिनिटाला तापमान — तोच प्रयोग, गेल्या महिन्यात अर्धवट राहिला म्हणून पुन्हा. बाईंच्या मनात तेच पुन्हा सुरू झालं: त्या दिवशी मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली होती, "बाई, काहीतरी खाऊ का?" आणि मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं — प्रयोगशाळेत काहीही तोंडात घालू नये — पाटी माझ्याच अक्षरातली. "तीनच निरीक्षणं राहिलीत ना? तेवढी घे, मग बाहेर जाऊन खा." मुलगी सांगितलेलं ऐकणारी. तिनं तिन्ही घेतली. मग स्टूल पडल्याचा आवाज... तिला दवाखान्यात नेल्यावर मी तिची वही उघडली. अक्षर ओळीवरून घसरत गेलेलं, पण आकड्यांत अर्ध्या अंशाचीही चूक नव्हती. मी तपासलं होतं. तेव्हा मी तेच तपासलं होतं.

"बाई." मुलगी समोर उभी होती, वरच्या ओठावर घाम. "बघू का एकदा?"

बाईंनी पाऊच पुढे केलं. टोचणं, थेंब, पाच सेकंद. चौसष्ट. सत्तरच्या खाली गेलं की गोळ्या, हे आता बाई झोपेतही सांगतील.

"बाहेर जाते," मुलगी पाटीकडे बघत म्हणाली.

"बस इथं. माझ्या खुर्चीवर. खा."

"इथं?"

"इथंच."

शेजारच्या बाकावरची मैत्रीण वळली. "बाई, मलापण चक्कर येतेय. एक गोळी मिळेल?"

"आधी बोट दे इकडे, टोचते," मुलगी गोळी चावत म्हणाली.

"तू पाण्याकडे बघ," बाई मैत्रिणीला म्हणाल्या. "आणि हिची निरीक्षणंही आज तूच लिही."

पंधरा मिनिटं थांबून पुन्हा मोजायचं. कुणीतरी दर मिनिटाला पाण्याचं तापमान पुकारत होतं — अठ्ठावन्न, सत्तावन्न — आणि बाई उभ्याच होत्या. खण उघडा होता, बिनसहीचा कागद दिसत होता. बंद करायला हात नेला तो कडेला धरूनच राहिला, कड बोटांत रुतत होती... रुततेय, हे कळत होतं.

"बाई, झाली पंधरा मिनिटं."

नवी पट्टी. पाच सेकंद.

एक्याण्णव.