दाबले की थांबणारे मशीन

मी एक जुने पॉलिश मशीन आहे. गाड्यांच्या रंगावर चकाकी आणण्याचे काम करणारे. मित्रांनो, माझ्या आयुष्यात ऐकण्यासारखे काही आहे की नाही, याची मला स्वतःलाच खात्री नाही. पण फळीवर पडून राहिले की जुने सगळे आठवत राहते, म्हणून सांगते. कंटाळा आला तर खुशाल उठून जा, मी वाईट वाटून घेणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोटात मोटर, वर धरायला मूठ, खाली स्पंजाची गोल गादी. ही गादी फिरता फिरता हेलकावेही खाते, त्यामुळे ती एकाच जागेवर फार वेळ घासत बसत नाही. मग मी एका हार्डवेअरच्या दुकानात आले. माझ्या शेजारीच एक मोठे मशीन होते, जाडजूड आणि वजनदार. ते सुरू झाले की काउंटरवरचे खिळे डब्यात नाचत. गिऱ्हाइके त्याच्याकडे बघत आणि मी आपले अंग चोरून बसत असे.

एके दिवशी एक नवराबायको दुकानात आली. नवरा सुतार होता. कपाटे आणि टेबले बनवणारा, भरल्या दंडांचा माणूस. त्याने आल्या आल्या मोठ्या मशीनवर हात ठेवला.

"हे द्या. एका सकाळीत गाडी लख्ख करून टाकतो."

"अहो, थांबा जरा," बायको म्हणाली आणि दुकानदाराकडे वळली. "दादा, यातलं रंग कमी खाणारं कुठलं?"

दुकानदाराला असे कुणी विचारत नसावे. तो गालात हसला. "ताई, मोठं आहे ते झटपट काम करतं, पण एका जागी जरा जास्त रेंगाळलं की रंग तापतो आणि खालचा पत्रा दिसायला लागतो. कोपऱ्यांवर तर विचारू नका. हातात सवय पाहिजे. घरी पहिल्यांदाच करणार असाल तर हे छोटं न्या. वेळ खाईल, पण रंग खाणार नाही. म्हणजे, फार नाही."

"छोटंच द्या," ती म्हणाली.

नवऱ्याने माझ्याकडे असे पाहिले, जसे कुणी पाहुण्यांच्या ताटातल्या शेवटच्या, बारक्या पोळीकडे पाहते.

घरी पोहोचल्यावर मला कळले की तिने असे का विचारले. अंगणात पत्र्याच्या शेडखाली एक गडद निळी गाडी उभी होती. तिचा रंग या बाईच्या वडिलांनी मारला होता. ते जन्मभर गाड्या रंगवणारे पेंटर. लेकीने जुनी गाडी घेतली, तेव्हा त्यांनी ती घासून, खड्ड्यांत पुटीन भरून, स्वतःच्या हाताने निळी केली होती. त्यांच्या हातून झालेले ते शेवटचे काम. पुढे त्यांचे हात थरथरू लागले. शर्टाची बटणेसुद्धा लेकीला लावून द्यावी लागत. आता उन्हाने आणि धुळीने रंग मंद झाला होता, त्यावर बारीक ओरखड्यांचे जाळे पडले होते. लेकीला ती चकाकी परत हवी होती. पण कुठे रंग उडाला, तर तो पुन्हा मारणारा हात आता नव्हता.

म्हातारे पेंटर शेडच्या कडेला खुर्चीत बसले होते. दोन्ही हात त्यांनी काखेत दडवले होते.

"बाबा, इकडे या ना, कुठून सुरुवात करायची ते सांगा," लेक म्हणाली.

"मी कशाला? जावईबापू आहेत की," ते म्हणाले आणि दुसरीकडे पाहू लागले.

जावईबापूंनी बाह्या सरसावल्या. माझ्या गादीवर पॉलिशचे चार ठिपके सोडले, मला बॉनेटवर टेकवले आणि माझ्यावर सगळा भार टाकला. लाकडाला चकाकी आणायची त्यांची तीच रीत होती. रंधा असो की पॉलिश पेपर, अंगाने भिडायचे. मित्रांनो, मी काय करणार? माझी घडणच अशी आहे की वरून फार दाबले की गादीचे फिरणे थांबते. मी नुसते घुर्रघुर्र करत राहिले.

"अगं, हे तर बसकण मारतंय!" त्यांनी आणखी जोर लावला. "बघ, बघ! फिरतच नाही. गळ्यात मारलं त्या दुकानदारानं आपल्या."

"जरा हळू धरून बघा ना."

"हळू धरून गोंजारू काय त्याला? मी आत्ता परत करतो आणि ते मोठं घेऊन येतो."

"आणि कोपऱ्यावरचा रंग उडाला म्हणजे?"

"नाही उडणार. माझ्या हातावर भरवसा आहे की नाही तुझा?"

ते माझे खोके शोधायला आत गेले. तीही त्यांच्या मागोमाग समजूत घालायला गेली. मी बॉनेटवर तसेच पडून होते. मला परत जाण्याचे दुःख होतेच, पण खरे सांगू? त्या निळ्या रंगाची मला जास्त काळजी वाटत होती.

तेवढ्यात खुर्ची करकरली. म्हातारे पेंटर उठले. त्यांनी दाराकडे पाहिले, कुणी येत नाही याची खात्री केली आणि काखेतले हात बाहेर काढले. ते हात माझ्या मुठीवर आले, तेव्हा वाऱ्यात पान हलावे तसे हलत होते. त्यांनी कसाबसा अंगठा बटणावर नेला.

मी सुरू झाले आणि फिरू लागले! त्या हातांमध्ये दाबण्याइतका जोरच नव्हता. माझे वजन तेवढे रंगावर होते आणि मला तेवढेच हवे असते. चालताना मी स्वतःही थरथरते. त्यांची थरथर माझ्या थरथरीत अशी मिसळून गेली, की कुठली कुणाची ते मलाही सांगता आले नसते. पण खांदा तोच होता, वर्षानुवर्षे गाड्यांच्या अंगावरून सावकाश, सरळ रेषेत फिरलेला. मी त्याच्यामागे गेले.

जावईबापू खोके घेऊन दारात आले आणि तिथेच थबकले. "अहो बाबा, फिरतंय की हे!"

म्हातारे दचकले. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला त्यांचा. "मी काही केलं नाही हो. नुसतं धरलं. दाबायला माझ्यात जोर कुठंय?"

जावईबापू माझ्याकडे पाहत राहिले, मग स्वतःच्या दंडांकडे. "म्हणजे मीच जड झालो होय!"

"ते मी लग्न झाल्यापासून सांगतेय," आतून लेक म्हणाली. पण बाहेर येऊन तिने वडिलांचे उघडे हात पाहिले. तिने फक्त माझी वायर उचलली आणि त्यांच्या खांद्यावरून मागे टाकली, म्हणजे ती रंगावर घासणार नाही.

मग रोज सकाळी ऊन चढण्याआधी आमचे काम चाले. लेक कोपऱ्यांना चिकटपट्टी लावी, जावई स्पंज धुऊन देत आणि म्हातारे मला चालवीत. दमले की बसत, पुन्हा उठत. एका दाराच्या खालच्या अंगाला चकाकी आली, तसा तिथे रंगाचा एक सुकलेला ओघळ स्पष्ट दिसू लागला.

"हा माझाच," ते ओशाळून म्हणाले. "तुझी आई जेवायला हाका मारत होती, घाई केली मी."

"घासून सपाट करू का?" जावयांनी विचारले.

"हात तर लावून बघा!" लेक म्हणाली.

गाडी पूर्ण झाली तेव्हा शेजारीपाजारी माझे कौतुक करू लागले. कुणी मला मागून नेले, कुणी पाडले, कुणी वाळूच्या कणांसकट गादी तशीच परत दिली. मी ते मनावर घेतले नाही.

काही वर्षांनी म्हातारे पेंटर गेले. त्यानंतर जावईबापूंनी मला एकदा बाहेर काढले. आता त्यांचा हातही हलका झाला होता. पण लेकीने बॉनेटवर तळवा ठेवला आणि म्हणाली, "नको. कितीही जपून केलं तरी दर वेळी थोडा रंग जातोच ना? आहे तेवढा राहू दे."

त्यांनी मला पुसून फळीवर ठेवले. सुरुवातीला मी रुसले. माझी गादी कडक झाली, वायरीला वळ्या पडल्या. पण ती म्हणाली ते खरेच होते. मी चकाकी देते ती रंगाचा एक पापुद्रा घेऊनच.

म्हणून मित्रांनो, माझे एक ऐका. धुळीने भरलेली गाडी कोरड्या फडक्याने ओढून पुसू नका. आधी भरपूर पाणी सोडा, मग मऊ कापडाने हलकेच धुवा आणि सावलीत उभी करा. रंग कुणाच्या हातचा असेल, सांगता येत नाही. दर रविवारी शेडमधून बादलीचा आवाज येतो. लेक गाडी धुते, ओघळापाशी तिचा हात जरा रेंगाळतो. त्या दिवशीही माझी गरज पडत नाही. पडूच नये.