दोन ठोके

स्टुडिओतल्या साउंड इंजिनिअर मुलीने बटणावर बोट ठेवलं आणि मान वळवून विचारलं, "मग काका, हे दोन ठोके काढून टाकू?"

ठोक्या खुर्चीत पुढे सरकला. सत्तरी उलटली तरी सगळे त्याला ठोक्याच म्हणत. बँडमधल्या तिघांनी ठेवलेलं नाव, ते तिघे गेले तरी ड्रम वाजवणाऱ्या या चौथ्याला चिकटून राहिलं होतं. शेजारच्या खुर्चीत त्याचा दादा बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखा, हात गुडघ्यांवर. गाणं दादाच्या गॅरेजमध्ये रेकॉर्ड झालं होतं, म्हणून रेकॉर्ड कंपनीला दोघा भावांचा एकत्र फोटो हवा होता. फोटो झाला होता. आता खरं तर निघायचं होतं.

"काढून म्हणजे?" ठोक्याने विचारलं.

"गाण्याला पन्नास वर्षं झाली म्हणून काढायची नवी आवृत्ती स्वच्छ हवीय त्यांना. वाजवलेलं ते ठेवायचं, बाहेरून आलेलं ते काढायचं." तिने पडद्यावरच्या दोन बारीक रेघांवर पेन टेकवलं. "तुम्ही प्रत्येक मुलाखतीत सांगितलंय, ड्रमच्या कडेवर काडी मारली म्हणून. पण आता सगळे आवाज वेगळे करता येतात. हे लाकूड नाहीये काका. लोखंडावर लोखंड आहे. आणि ड्रमपाशी नाही, लांब, दाराजवळ."

ठोक्या त्या रेघांकडे बघत राहिला. तीन मिनिटांचं गाणं. दुसऱ्या कडव्यात सगळी वाद्यं एकदम गप्प होतात, क्षणभर काहीच नाही, मग टक, टक, आणि चौघे पुन्हा तुटून पडतात. त्या दोन ठोक्यांनी गाणं कुठल्या कुठे नेलं होतं. मैदानांत हजारो माणसं तेवढ्या जागेत दोन टाळ्या वाजवत. शाळेत पोरं बाकांवर वाजवत. बावीस वर्षांचा असताना कुणीतरी माइक पुढे धरून विचारलं होतं, हे सुचलं कसं? "सुचलं आपलं," तो म्हणाला होता. एवढंच. पण तोंडातून गेलेलं परत घेता आलं नाही, आणि दर वर्षी त्याला नव्या फांद्या फुटत गेल्या.

खरं काय झालं होतं, ते जिवंत माणसांत दोघांनाच ठाऊक होतं. सहा महिने बँडने सराव केला तो दादाच्या गॅरेजमध्ये, टायरांत हवा भरायच्या कॉम्प्रेसरशेजारी. त्याची धडधड दिवसभर चाले. चौघांनी त्या मशीनला घातल्या नाहीत अशा शिव्या उरल्या नव्हत्या. रेकॉर्डिंगच्या दिवशी दादाने स्वतःहून ते बंद केलं. "घ्या. पुन्हा म्हणू नका, दादा आडवा आला." कोरी टेप गाणं एकदाच रेकॉर्ड करण्यापुरती उरली होती. दुसऱ्या कडव्यात ठोक्याचे हात अचानक हरवले, पायाखालची पायरी निघून जावी तसे. सहा महिने तो नकळत त्या धडधडीला टेकून वाजवत होता. तो थांबला, त्याच्याकडे बघून तिघे थांबले. आणि दाराशी, एका गाडीवर वाकलेल्या दादाने, मान वर न करता, हातातला पाना बॉनेटवर दोनदा हाणला. नेमका कॉम्प्रेसरच्या चालीत.

त्यावर दादा कधीच काही बोलला नाही. गॅरेजच्या रेडिओवर गाणं लागलं की म्हणायचा, "बंद करा रे ती कटकट."

"पुन्हा एकदा लाव," ठोक्या म्हणाला. तेवढाच वेळ मिळाला असता.

"थांब पोरी." दादाने कानातलं मशीन काढलं, रुमालात गुंडाळलं, खिशात ठेवलं. "मोठा आवाज झेपत नाही याला." त्याच्याशिवाय दादाला दारावरची बेलसुद्धा ऐकू येत नसे.

गाणं सुरू झालं. फरशी थरथरायला लागली. दादा समोरच्या भिंतीकडे बघत होता. दुसरं कडवं आलं, सगळं गप्प झालं, आणि गुडघ्यावरचं दादाचं बोट उचललं गेलं. दोनदा पडलं. टेपच्या बरोबर, केसभरही मागेपुढे नाही.

ठोक्याने नजर काढून घेतली.

गाणं संपल्यावर मुलीने दादाला मशीन लावू दिलं. "मोठे काका, तुम्ही तिथंच होतात ना? काय असेल हो हा आवाज?"

दादाने भावाकडे पाहिलंसुद्धा नाही. "गॅरेज होतं ते. गंजलेला नट अडकला असेल. ठोकल्याशिवाय निघतोय कुठे तो!" तो हसला. "कचरा आहे. टाका काढून."

"नक्की?"

"मी सांगतोय ना. मी काय यांच्या बँडमधला आहे?"

लहानपणी ठोक्याने फोडलेल्या काचांचा आळ तो याच आवाजात स्वतःवर घ्यायचा. ठोक्याला आता काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, पन्नास वर्षं बसला तसं.

मुलीने मान हलवली. पडद्यावरच्या दोन रेघा निळ्या झाल्या. बोट खाली यायला लागलं.

"दादा," ठोक्या म्हणाला. "कितीचा पाना होता रे तो?"

बोट तिथंच राहिलं. मुलगी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघू लागली. दादाने गुडघ्यावरची चुणी सरळ केली, पुन्हा सरळ केली. कानातलं मशीन उगाचच चाचपलं.

"सोळा-सतराचा," तो म्हणाला.

मग, भिंतीलाच सांगितल्यासारखं:

"गिऱ्हाइकाच्या बॉनेटला पोचा पडला होता. तो काढण्यात माझे दोन दिवस गेले. ते नाही कुणी विचारलं."