ताईची नोकरी माझ्यामुळे गेली नाही

मी एक जुना हेडफोन आहे. डाव्या कानाची उशी फाटली आहे आणि माइकची दांडी चिकटपट्टीने बांधली आहे. तुम्ही हळहळावं म्हणून हे सांगत नाही, मित्रांनो. हळहळणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. जन्मभर माणसांच्या कानाला लागून राहिलो, त्यामुळे त्यांच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं उरलेलं नाही.

एका सकाळी कारखान्यात माझ्यासारखे हजारभर तयार झाले. प्रत्येकाच्या खोक्यावर छापलं होतं, 'विजेत्यांसाठी'. हजार जणांना एकसारखंच खोकं मिळतं, हे विजेत्यांच्या कधी लक्षात येत नाही.

शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशातून ताईने, म्हणजे माझ्या मालकिणीने, मला घेतलं आणि सहा वर्षं डोक्यावर मिरवलं. खेळ ऑनलाइन, किल्ला लढवण्याचा होता. चाळीस जणांची टीम आणि ताई त्यांची कॅप्टन. सगळे एकदम ओरडत असताना ती शांतपणे सांगे, "तू डावीकडे जा. तू थांब. तू त्याला औषध दे." कुणी घाबरलं की तिचा आवाज आणखी हळू होई. घरात याचं कौतुक शून्य. आई दारातून म्हणे, "ते टोपलं उतरव डोक्यावरचं, जेवण गार होतंय."

मग एका रविवारी दुपारी टीम हरली. चिमणी नावाने खेळणाऱ्या एका नव्या मुलीने चुकीचा दरवाजा उघडला होता. ताई सुटली. "अगं ए ठोकळे, डोक्यात भुसा भरलाय का? दरवाजा आणि भिंत यातला फरक कुणी शिकवला नाही वाटतं?" बाकीचे खिदळले. बस्स, ताईला चेव चढला. चिमणी "सॉरी कॅप्टन, सॉरी" म्हणता म्हणता रडायला लागली, तेव्हा ताईने बटण दाबून तिचा आवाज बंद केला आणि वीस मिनिटं बोलत राहिली. कुणीतरी ते सगळं नेटवर टाकलं. हजारो लोक हसले. ताई ते पुन्हा पुन्हा ऐकून खूश होती. मलाही ऐकावं लागलं.

पुढे अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेण्याची जागा निघाली. बाबा कोसळले होते त्या दिवशी आईने तिथेच फोन केला होता, आणि पलीकडच्या शांत आवाजाने ती सावरली होती. तेव्हापासून ताईला हीच नोकरी हवी होती.

अर्ज लिहायला मामा आले. मामांना सगळ्यातलं सगळं कळतं. "गेमबिम लिहू नकोस. छंद म्हणून वाचन लिही, पोहणं लिही. तलावावर बघायला कोण येतंय?" ताईला गुडघाभर पाण्याचीही भीती वाटते. तिने पोहणं लिहिलं.

मुलाखत ऑनलाइन झाली. समोर एक साहेब आणि कंट्रोल रूमच्या प्रमुख बाई. साहेबांनी नेट धुंडाळून ते रविवारचं रेकॉर्डिंग शोधलं होतं. "पोहता म्हणे. आणि सहा वर्षं हे खेळ? घरचे काही बोलत नाहीत?" हे विचारताना ते स्वतःच्या फोनवर रंगीत गोळ्या फोडत होते. ती टुकटुक मला स्पष्ट ऐकू येत होती.

"खेळू द्या हो," बाई म्हणाल्या. "चाळीस जण सांभाळते, आपल्याला दहा सांभाळवत नाहीत. पण ताई, ती मुलगी रडत होती. तुम्हाला ऐकू आलं होतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. पोहण्याचं लिहिलंच होतं.

"आलं होतं," ताई म्हणाली. "म्हणून तर आवाज बंद केला."

"आमच्याकडे फोन करणारे सगळे रडतच असतात, बाळा."

नकाराचं पत्र अर्थात साहेबांनी लिहिलं: 'उमेदवाराचे ऑनलाइन खेळांचे छंद कामाच्या स्वरूपाशी सुसंगत नाहीत.' मामा फुलून गेले. "मी म्हटलं नव्हतं?" घराला आरोपी सापडला. मला आणि कीबोर्डला भंगाराच्या पिशवीत कोंबण्यात आलं. ताईने तीन दिवस ती पिशवी तशीच राहू दिली. खेळाला वाईट म्हटलं की आपण आपोआप चांगले ठरतो, ही सोय तिलाही आवडली असावी.

चौथ्या दिवशी भंगारवाला दारात आला आणि आईने पिशवी उचलली.

"आई, थांब. खेळामुळे नाही गेली नोकरी."

"मग?"

"एकीला रडवलं मी. सगळ्यांसमोर. त्यांनी ते ऐकलं."

आई पिशवी धरून उभी राहिली. "कोण गं ती? कुणाची?"

"माहीत नाही."

"मग माहीत करून घे," आई म्हणाली, आणि मला बाहेर काढून तिच्या हातात दिलं.

मित्रांनो, आम्हा वस्तूंनी शेवटी 'आम्हाला जपा' अशी विनवणी करायची असते. मी करणार नाही. मी मोडलो तर दुकानात दुसरा मिळेल. चिमणीला शोधायला ताईला अकरा दिवस लागले. ताईने माफी मागितली, अडखळत, तीनदा. चिमणीने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "बरं. पण मी आता खेळत नाही."